शिस्त, माशी आणि चाळिशी

“माशी दिसते तं डुक्कर हरपते, आन् डुक्कर दिसते तं माशी हरपते. सर, याच्यावर काही इलाज आहे काय?”

२०२३ च्या दिवाळीनंतर उमरेड तालुक्यातील एक शेतकरी नागपूरला आमच्या घरी हा प्रश्न घेऊन आले. आमच्या एका सहकाऱ्याचे ते चुलते, वय बासष्ट. घरात सगळे त्यांना काकाजी म्हणतात, तेव्हा आम्हीही काकाजीच म्हणू लागलो. त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. आमच्या विदर्भात हिला भरमार म्हणतात. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून गजाने ठासायचे, मागे टोपी चढवायची आणि मग चाप ओढायचा. एक बार झाला की पुन्हा हा सगळा खटाटोप. म्हणजे रानडुकरासमोर संधी एकच, आणि ती हुकली किंवा जनावर नुसतेच जखमी झाले तर अंधारात पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

माशी म्हणजे नळीच्या टोकाजवळचा लहानसा मणी. नळीच्या मागच्या अंगाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच असलेली पट्टी असते. खाचेत माशी आणि माशीवर जनावर असे तिन्ही एका रेषेत आणणे म्हणजे शिस्त धरणे. शाळेतल्या शिस्तीशी आपला रोजचा संबंध येतो, पण नेम या अर्थानेही मराठीत शिस्त हा शब्द आहे हे विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांना गंमत वाटेल.

काकाजींना कुणी म्हणाले होते, नवी साइट बसवा. दुसरा म्हणाला, दुर्बीणच बसवा. यातले कोणते घ्यावे एवढेच त्यांना विचारायचे होते. आमचा विषय प्रकाशशास्त्र. बंदुकीशी आमचा संबंध कॉलेजात एनसीसीत असताना आला तेवढाच. पण प्रश्न ऐकल्यावर लक्षात आले की तो बंदुकीचा कमी आणि डोळ्याचा जास्त आहे, आणि आठवी ते दहावीच्या पुस्तकातल्या भूमितीवर व प्रकाशावर तो बराचसा सोडवता येतो. म्हणून तो येथे शिक्षकांपुढे मांडत आहोत.

कायद्याची बाजू आधी सांगून टाकू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा छंद राहिलेला नाही. उभ्या पिकाची नासाडी करणारे काही प्राणी मारण्याची परवानगी अधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि काकाजींचा परवाना त्यातला. बहुतेक वेळा बार हवेत काढून कळप पिटाळणे एवढेच काम ही बंदूक करते. पण ज्या दिवशी परवानगी हातात असते आणि धुऱ्यावर डुक्कर उभे असते, त्या दिवशी नेम चुकणे परवडत नाही. माशीच्या पलीकडे डुक्कर आहे की जागलीला आलेला शेजारी, हे दिसणे तर त्याहून महत्त्वाचे.

एका डोळ्याला तीन अंतरे

काकाजींनी बंदूक खांद्याला लावली की मागची खाच डोळ्यापासून सुमारे ४० सेंटिमीटरवर येते, माशी सुमारे एका मीटरवर, आणि जनावर समजा ५० मीटरवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू दृष्टिपटलावर स्पष्ट उमटवू शकतो. जवळचे पाहताना डोळ्यातले भिंग फुगते, दूरचे पाहताना सपाट होते. पाठ्यपुस्तकात यालाच समायोजन शक्ती म्हटले आहे. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचे अक्षरही वाचता येते. वयाबरोबर भिंग ताठर होत जाते आणि हा निकटबिंदू दूर सरकतो. चाळिशीच्या पुढे वर्तमानपत्र लांब धरावे लागते. त्यावर लावायच्या चष्म्यालाच आपण चाळिशी म्हणतो. रोगाचे, वयाचे आणि उपायाचे नाव एकच, अशी सोय फार भाषांत नसावी! साठीच्या आसपास निकटबिंदू साधारण एक मीटरवर गेलेला असतो. म्हणजे काकाजींनी कितीही ताण दिला तरी माशी जेमतेम स्पष्ट होते, आणि खाच तर कधीच होत नाही.

“मग चाळिशी लावून पाहिली का?” आम्ही विचारले. पाहिली होती. खाच छान दिसली, पण पलीकडचे सगळे रान धुक्यात गेले.

वर्गात हे बंदुकीशिवाय दाखवता येते. एक मीटरपट्टी घ्यावी. ४० आणि १०० सेंटिमीटरच्या खुणांवर ओल्या मातीच्या गोळ्यात एकेक काडी उभी करावी. पट्टीचे शून्याचे टोक गालाला टेकवून, एक डोळा मिटून, दोन्ही काड्या मैदानातल्या झेंड्याच्या खांबाशी एका रेषेत आणाव्यात. मुले सांगतील की तिन्ही स्पष्ट दिसतात. त्यांना सावकाश विचारावे: जवळच्या काडीकडे टक लावली असताना खांब कसा दिसतो? मग कबुली येते. मुलांचा डोळाही एका वेळी एकच पाहतो. फक्त तो या काडीवरून त्या काडीवर इतक्या झटकन जातो की तिन्ही एकदम दिसल्याचा भास होतो. नंतर पन्नाशीच्या शिक्षकांनी तोच प्रयोग मुलांसमोर करावा आणि काय दिसते ते प्रामाणिकपणे सांगावे.

धूसरपणा मोजायचा कसा?

‘धूसर दिसते’ यावर थांबलो तर ते विज्ञान झाले नाही. किती धूसर, हे सांगता आले पाहिजे. त्यासाठी भिंगाचे सूत्रही लागत नाही, समरूप त्रिकोण पुरतात.

समजा काकाजींचा डोळा अगदी दूरवर स्थिर आहे. दूरच्या एका बिंदूतून डोळ्याच्या बाहुलीत शिरणारे किरण जवळजवळ समांतर असतात. म्हणजे त्या बिंदूपासून डोळ्यापर्यंत बाहुलीएवढ्या जाडीची प्रकाशाची एक दांडीच आलेली असते. दिवसा बाहुली ३ मिलिमीटर धरू. या दांडीच्या वाटेत २ मिलिमीटरची माशी आली तर ती दांडी पुरती अडवू शकत नाही, बाजूने प्रकाश येतच राहतो. म्हणून माशीची कडा कडा म्हणून दिसत नाही. प्रत्येक बिंदू ३ मिलिमीटरच्या डागात पसरतो. ३ मिलिमीटर रुंदीची मागची खाचही तशीच पुसली जाते. डोळा दूरवर लावलेला असला की जवळच्या वस्तूवरचा धूसरपणा बाहुलीच्या व्यासाएवढा असतो, मग ती वस्तू ४० सेंटिमीटरवर असो की एका मीटरवर. हे आम्हाला स्वतःला प्रथम मांडून पाहिले तेव्हा फार सुंदर वाटले होते.

आता उलट करू. डोळा माशीवर लावला. आता दांडीऐवजी शंकू आहे. बाहुलीपाशी ३ मिलिमीटर रुंद, एका मीटरवर माशीपाशी टोकदार, आणि तिथून पुढे पुन्हा पसरत जाणारा. ५० मीटरवर त्याची रुंदी ३ × ४९ म्हणजे १४७ मिलिमीटर, जवळजवळ १५ सेंटिमीटर होते. डुकराचा मर्मभाग वीतभर, वीसएक सेंटिमीटरचा. त्याच्यावर १५ सेंटिमीटरचा डाग! काकाजींच्या तक्रारीतली दोन्ही वाक्ये या दोन आकृत्यांत आली: डुक्कर पाहिले तर माशी हरपते, माशी पाहिली तर डुक्कर.

दोन्ही आकृत्यांत जाडी ठरवणारी गोष्ट एकच आहे, बाहुली. ती १ मिलिमीटरची करता आली तर? माशीवरचा डाग ३ वरून १ मिलिमीटरवर येईल, आणि लक्ष्यावरचा १५ वरून ५ सेंटिमीटरवर. बाहुली आपल्या हातात नाही, पण डोळ्यापुढे १ मिलिमीटरचे भोक धरणे हातात आहे. सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाचेच हे तत्त्व.

जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यावा आणि गोधडी शिवायच्या सुईने त्यात एक स्वच्छ भोक पाडावे. चष्मा काढून भोक अगदी डोळ्याजवळ धरावे आणि वर्तमानपत्र उजेडात नेऊन वाचावे. चाळिशीचा चष्मा वापरणाऱ्या शिक्षकांना वीतभर अंतरावरचे अक्षरही वाचता येईल. (सूर्याकडे यातून कधीही पाहू नये, आणि कागद मुलांच्या हाती देताना सुई आपल्याकडे ठेवावी.) मग याच भोकातून मीटरपट्टीवरच्या काड्या व खांब पाहावेत. तिन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. अक्षरे स्पष्ट झाली तशी थोडी काळवंडलीही, हेही मुलांच्या नजरेस आणावे. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

भोकाची साइट

हा उपाय नवा नाही. तुर्की बनावटीच्या जुन्या रायफलींवर मागे एक उभी पट्टी असे आणि तिच्यात एकाखाली एक बारीक भोके पाडलेली असत. जवळच्या लक्ष्याला खालचे भोक, दूरच्याला वरचे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांचा डोळाही अशाच एका भोकामागे होता. या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. मागे भोक आणि पुढे माशीऐवजी कडी, एवढ्यावर ५० मीटरवरचे १०.४ मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ साधायचे असते.

येथे चौकस विद्यार्थी एक शंका काढील, आणि काढावी. आताच तुम्ही म्हणालात, १ मिलिमीटरच्या भोकातूनही ५० मीटरवर ५ सेंटिमीटरचा डाग पडतो. मग १ सेंटिमीटरचे वर्तुळ कसे साधते? भोक आणखी लहान करून? तसे होत नाही. भोक लहान केले की प्रकाशाचे विवर्तन आड येते. १ मिलिमीटरच्या भोकातून विवर्तनानेच ५० मीटरवर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास पसरट येते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून ती दुप्पट होते. म्हणजे १ मिलिमीटरच्या जवळपास तडजोड करावी लागते.

खरे उत्तर असे की धूसरपणा म्हणजे चूक नव्हे. नेमबाज ते लहान वर्तुळ पाहतच नाही. त्याला दिसते ती ११२.४ मिलिमीटर व्यासाची काळी चकती. ती कडीच्या मधोमध ठेवायची आणि कडी भोकाच्या मधोमध. चकतीची कडा धूसर असली तरी ती सगळीकडून सारखीच धूसर असते, त्यामुळे मध्य हलत नाही. एकात एक वर्तुळे समकेंद्री आहेत की नाहीत हे आपल्या डोळ्याला विलक्षण बारकाईने कळते. कुंकू कपाळाच्या मधोमध नसेल तर लांबूनही खटकते, तसेच हे. भोकाच्या साइटचा दुसरा फायदाही यातच आहे. खाचेतली माशी वर-खाली किती हे ठरवावे लागते, पण भोकाच्या बाबतीत डोळा न सांगता मध्य शोधतो.

मात्र भोक डोळ्याजवळ हवे. ४० सेंटिमीटरवरच्या पट्टीत १ मिलिमीटरचे भोक पाडले तर त्यातून रानाचा एवढासा तुकडा दिसेल, बाकी काही नाही. म्हणून भोकाची साइट नळीवर न बसवता नळीच्या मागे, मुठीच्या लाकडावर, डोळ्यापासून आठ-दहा सेंटिमीटरवर बसवतात. याहून जवळ नको, कारण बार झाल्यावर बंदूक मागे येते आणि साइट भुवईत बसते.

साइट मागे नेली की आणखी एक लाभ होतो. खाच आणि माशी यांच्यातले अंतर काकाजींच्या बंदुकीवर ६० सेंटिमीटर होते. माशी खाचेत १ मिलिमीटर सरकलेली राहिली तर ५० मीटरवर गोळी ५०००० ÷ ६०० म्हणजे ८३ मिलिमीटर सरकते. साइट मागे नेऊन हे अंतर ९० सेंटिमीटर केले की तीच १ मिलिमीटरची चूक ५६ मिलिमीटरवर येते. समरूप त्रिकोणाचे हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्यावे.

आणखी एक हिशेब याच प्रमाणाने होतो. गोळी सरळ रेषेत जात नाही. सरासरी वेग सेकंदाला ३०० मीटर धरला तर ५० मीटरला एक षष्ठांश सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती १४ सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. १०० मीटरला वेळ दुप्पट, पण पडणे चौपट, ५४ सेंटिमीटर. हे भरून काढायला मागची साइट उंच करून नळीचे तोंड किंचित वर करावे लागते. ९० सेंटिमीटर अंतरावर ५० मीटरसाठी ही उंची सुमारे अडीच मिलिमीटर. गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट सरकवायची, माशी सरकवायची झाल्यास उलट दिशेने. हे तोंडपाठ करण्यापेक्षा आकृती काढून पाहिले की चुकत नाही.

नळीची कुवत

येथपर्यंत आलो आणि आम्हाला वाटले, प्रश्न सुटला. काकाजींना भोकाची साइट सुचवायची. पण तसे करण्याआधी आम्ही नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे सर्वांच्या अजब बंगल्यात, एक फेरी मारली. १८६३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे. शाळेची सहल तिकडे नेलीत तर प्रत्येक बंदुकीसमोर विद्यार्थ्यांना माशी आणि मागची साइट शोधायला सांगावे. चांगला खेळ होतो.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी यांची लढाई झाली. कंपनीच्या शिपायांच्या हातात होत्या त्या मस्केट नावाच्या ठासणीच्या बंदुकांना मागची साइट नव्हतीच. पुढे संगीन अडकवायची खुंटी असे, तीच माशी. असे का? कारण नळी आतून गुळगुळीत, पाऊण इंच व्यासाची, आणि गोळी मात्र ०.६९ इंचाची. ठासायला सोपी जावी म्हणून मुद्दाम लहान. ती नळीतून आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का जिकडे बसेल तिकडे जाई. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसे, म्हणून रांगेने उभे राहून सगळ्यांनी एकदम बार काढायचे. अशा नळीवर उत्तम साइट बसवणे म्हणजे धान्याच्या काट्याला सोनाराची मापे लावण्यासारखे.

नळीला आतून पेच पाडले की गोळी स्वतःभोवती फिरते आणि वाट सोडत नाही. हीच रायफल. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीत तीन पेच होते. ती ठासणीचीच होती, पण तिच्यावर ९०० यार्डांपर्यंत आणि काहींवर त्याहूनही पुढच्या खुणा असलेली उभी करता येणारी साइट होती. नळी सुधारली तशी साइट सुधारली. याच रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतरचा एक तपशील मात्र इतिहासाच्या तासाला क्वचितच सांगितला जातो. सरकारने हिंदी शिपायांसाठी एन्फिल्डचीच एक वेगळी आवृत्ती काढली, १८५८ ची. तिच्या नळीतले पेच कोरून काढून ती गुळगुळीत केली आणि वरची खुणांची साइट काढून एकच ठोकळेबाज खाच बसवली. गोऱ्या सोजिरांकडे रायफल राहिली. लांबवर नेम धरण्याची ताकद शिपायाकडून काढून घ्यायची तर काय काय काढावे लागते, याची सरकारला अचूक जाण होती.

काकाजींची भरमार या गुळगुळीत नळीच्या वंशातली आहे. “टेकवून मारली तरी पन्नास पावलांवर वीतभर इकडंतिकडं जाते,” हे त्यांनीच सांगितले होते. आम्ही तिकडे लक्ष दिले नव्हते. वीतभर विखुरणाऱ्या नळीला १ मिलिमीटरचे भोक काय देणार? पेचाची नळी असती तर गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या बंदुकांचा शिकारीचा वेगळा हंगाम असतो आणि त्यात दुर्बिणीला मनाई आहे. तिथे पेचदार नळी आणि उतरते वय असलेल्या माणसाने डोळे मिटून भोकाची साइट घ्यावी. तीही दिवसा.

दिवसा म्हणण्याचे कारण आमच्या हिशेबात राहिलेली दुसरी आणि मोठी चूक. लग्नपत्रिकेच्या भोकातून अक्षरे काळवंडली होती ना? ३ मिलिमीटरच्या बाहुलीपुढे १ मिलिमीटरचे भोक म्हणजे प्रकाश एक नवमांश. उन्हात ते चालते. पण रानडुकरे येतात दिवेलागणीनंतर. तेव्हा बाहुली उघडलेली असते. काकाजींच्या वयात ती तरुणांइतकी उघडत नाही, ५ मिलिमीटर धरू. १ मिलिमीटरच्या भोकाने प्रकाश एक पंचविसांश होईल. ज्या वेळी जनावर आणि माणूस यांत फरक करायला प्रकाशाचा कण अन् कण हवा, त्याच वेळी आम्ही त्यांच्या डोळ्यावर पडदा टाकणार होतो.

अर्धा डायॉप्टर

मग बाहुली लहान न करता काय करता येईल? पुन्हा त्या दोन आकृत्यांकडे जाऊ. डोळा माशीवर लावला तर लक्ष्य बिघडते, लक्ष्यावर लावला तर माशी. मधेच कुठेतरी लावला तर? डोळा २ मीटरवर लावला आहे असे समजू. शंकूचे टोक आता २ मीटरवर. ५ मिलिमीटरच्या बाहुलीने माशीपाशी त्याची रुंदी अडीच मिलिमीटर होते, पूर्वी दूर पाहताना होती त्याच्या निम्मी. पलीकडे ३० मीटरवर ती ५ × २८ ÷ २ म्हणजे ७० मिलिमीटर. डोळा माशीवर लावला असता ती १४५ मिलिमीटर झाली असती. दोन्हीकडचा धूसरपणा निम्मा, आणि प्रकाशाचा कणही वाया गेला नाही.

काकाजींना दूरचे चांगले दिसते, म्हणजे त्यांचा विसावलेला डोळा अनंतावर लागलेला असतो. तो २ मीटरवर आणायला किती ताकदीचे भिंग हवे? एक भागिले दोन, अर्धा डायॉप्टर, बहिर्गोल. चाळिशीचा अडीचचा चष्मा त्यांना ४० सेंटिमीटरवर, थेट खाचेवर आणून सोडत होता. म्हणून रान धुक्यात जात होते. खाच स्पष्ट दिसण्याची गरजच नाही, हे कळायला आम्हालाही वेळ लागला.

दुर्बिणीचाही विचार केला. ती प्रश्न मुळातूनच सोडवते. तिच्यातली फुली आणि लक्ष्याची प्रतिमा एकाच पातळीत असतात, डोळ्याला तीन अंतरे राहतच नाहीत. ३२ मिलिमीटर भिंगाची चारपट दुर्बीण ३२ ÷ ४ म्हणजे ८ मिलिमीटरची प्रकाशशलाका देते, काकाजींच्या बाहुलीला ती पुरून उरते. पण तीस मीटरच्या कामाला चारपट मोठे दिसणे अडचणीचे असते, जनावर दृष्टिक्षेत्रात सापडत नाही. शिवाय वीतभर विखुरणारी नळी तीच राहणार. त्या खर्चात तारेचे कुंपण झाले असते, आणि हे आम्ही त्यांना सांगितलेही.

शेवटी सुचवले ते असे. चष्म्याच्या दुकानातून नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन अर्ध्या डायॉप्टरचा वेगळा चष्मा. काच फुटणार नाही अशा भिंगाचा, कारण टोपीचे तुकडे उडतात. मागे खाचेऐवजी पातळ कडेची, ५ मिलिमीटर भोकाची मोठी कडी, मुठीच्या लाकडावर. ती प्रकाश अडवत नाही आणि मध्य शोधून देते. माशी अगदी कडीच्या काठाला लागली तरी, अडीच मिलिमीटरची चूक ९० सेंटिमीटरवर, म्हणजे ३० मीटरला ८३ मिलिमीटर. वितीच्या निम्म्याच्या आत. माशीला पांढरा रंग. आणि ३० मीटरपलीकडे बार नाही. कडी परवानाधारक कारागिराकडूनच बसवून घ्यायची, घरी भोके पाडायची नाहीत.

“पन माशीच्या पलीकडं काय हाय ते नाही दिसलं तं?”

“तं चाप ओढायचा नाही, काकाजी. त्याला साइट नाही.”

चष्मा झाला. कडी बसवून घेईपर्यंत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीमुळे बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, त्याच वर्षी विधानसभेच्या वेळी पुन्हा एकदा. मधल्या काळात काकाजींनी अर्ध्या डायॉप्टरच्या चष्म्याचा एक उपयोग परस्पर शोधून काढला. बैलगाडी हाकताना बैलांची शिंगे आणि समोरची वाट दोन्ही नीट दिसतात, असे त्यांचे म्हणणे आहे. शिंगे डोळ्यापासून किती अंतरावर असतात ते आम्ही त्यांना मोजायला सांगितले आहे. लग्नपत्रिकेचा तो भोकाचा तुकडा त्यांच्या खिशात असतो, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला.